वाघ दिसला नाही तर

भायखळ्याच्या राणीच्या बागेत आईवडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपयांत आत जातात. मोठ्या माणसाचं एकट्याचं तिकीट ५० रुपये. २०१७ च्या ऑगस्टपर्यंत ते अवघे पाच रुपये होतं. चार माणसांचा अख्खा दिवस शंभराच्या नोटेत निघेल अशा जागा मुंबईत फार थोड्या उरल्या आहेत. म्हणून मे महिना लागला, दिवाळीची सुट्टी पडली, गावाहून भाचरं आली, की घराघरांत हा बेत ठरतो. डबा कुठला न्यायचा, आजीचे गुडघे एवढं चालणं सोसतील का, पेंग्विनच्या रांगेत आधी उभं राहायचं की शेवटी, सगळ्याची चर्चा होते. एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही, कारण ती गृहीत असते: वाघ दिसणार.

दुपारी बाराच्या सुमाराला वाघ मागच्या झाडीत आडवा झालेला असतो. मांजरकुळातल्या मोठ्या जनावरांचा हा विश्रांतीचा वेळ. त्यांची हालचाल पहाटे, संध्याकाळी आणि रात्री. घरातून निघून, गाडी पकडून, नाश्ता उरकून कुटुंबं पोचतात ती नेमकी याच वेळेला. काचेपुढे गर्दी साचते. कुणी शिट्टी घालतं, कुणी टाळ्या पिटतं, एखादा बाप काचेवर थापा मारतो. त्याच्या मनात क्रौर्य नसतं. पोराला वाघ दाखवण्याचं त्यानं कबूल केलेलं असतं, आणि दिलेला शब्द खोटा ठरतोय म्हणून त्याला घाई झालेली असते. पोरगं विचारतं, ‘उठत का नाही तो?’ या प्रश्नाचं खरं उत्तर देता येणं सोपं नाही, कारण ते प्राणिशास्त्रापाशी संपत नाही. समोरच्या जिवानं माणसासाठी उठावं, वळावं, दिसावं, हा हक्क माणसाला मिळाला कुठून?

धर्माच्या वाटेनं या प्रश्नाकडे जायचं, तर महाराष्ट्रात त्याची सुरुवात पंढरपुरापासून करावी लागते. पाहण्याच्या ओढीनं एवढी माणसं दुसरीकडे कुठं चालत जात नाहीत. पण ज्याला पाहायला जायचं त्या विठ्ठलाचा दिवस वारकऱ्यांच्या सोयीनं आखलेला नाही. पहाटे काकडआरती होते, दुपारी नैवेद्य, संध्याकाळी धूपारती, रात्री शेजारती, आणि मग देव झोपतो. हजार मैलांवरून आलेला माणूसही त्या वेळी बाहेर थांबतो, आणि ‘एवढा खर्च करून आलोय, देवाला उठवा’ असं म्हणत नाही. आषाढीला गर्दी एवढी होते की देवाचा पलंग काढतात आणि दर्शन चोवीस तास सुरू ठेवतात. तेव्हा देव झोपत नाही. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते. एवढे दिवस उभ्यानं दर्शन देऊन देव शिणला, म्हणून त्याला स्नान घालतात आणि रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात. पलंग पुन्हा शेजघरात येतो.

पाहिलं जाण्यानं शीण येतो, हे या परंपरेनं पाषाणाच्या मूर्तीच्या बाबतीत मान्य केलं आहे. त्या शिणासाठी विधी घडवला, काढा उकळला, पलंगाची व्यवस्था केली. मग ज्याला खरीच मज्जासंस्था आहे, ज्याचे कान माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहेत, ज्याला दिवसाची झोप निसर्गानं नेमून दिली आहे, त्याच्या शिणाचं काय? १ जानेवारी २०२३ ला, रविवारी, राणीच्या बागेत ३२ हजारांहून जास्त माणसं आली. बागेच्या हिशेबात तो विक्रमाचा दिवस ठरला. काचेमागच्या वाघाच्या हिशेबातही तो काहीतरी ठरलाच असणार.

भारतीय तत्त्वविचारात जनावरांना जागा आहे आणि ती वरवरची नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्यांच्याकडे ज्ञानी माणूस सारख्याच दृष्टीनं पाहतो त्यांची यादी येते. त्यात विद्वान ब्राह्मणाशेजारी गाय, हत्ती आणि कुत्रा आहेत. पैठणच्या रेड्याची कथा महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. नामदेव भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. हे सगळं मनापासून सांगणारा माणूस दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यापुढे उभा राहून माकडाला चिडवतो, तेव्हा त्याच्या श्रद्धेत खोट असते असं नाही. आत्मा सगळीकडे एक आहे हे मानणं आणि समोरच्या जनावराला सावली आहे का हे बघणं, या दोन गोष्टींमध्ये पूल बांधायचा राहून गेलेला असतो.

तो पूल सर्वांत काटेकोरपणे जैनांनी बांधला. तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, म्हणजे व्रत न मोडताही त्याला डाग लागेल अशी पाच कृत्यं. बंध, वध, छेद, अतिभार लादणं आणि अन्नपाणी रोखणं. बांधून किंवा कोंडून ठेवणं, मारणं, अंग कापणं, झेपणार नाही एवढं ओझं टाकणं, उपाशी ठेवणं. आधुनिक प्राणिसंग्रहालय या यादीसमोर उभं करून पाहावं. तिथं मारहाण नाही, ओझं नाही, वेळेवर खाणं मिळतं, डॉक्टर असतो. पाचांपैकी चार दोष जवळपास टळतात. उरतो तो एकच, आणि तो यादीत पहिला आहे. जंगलातल्या वाघाच्या पोटाला आठवड्याची हमी नसते, दात दुखला तर वैद्य नसतो. राणीच्या बागेतल्या वाघाला हे दोन्ही आहे. तरीही यादी लिहिणाऱ्यानं कोंडण्याला वेगळा दोष मानलं, पोट भरल्यानं तो फिटतो असं म्हटलं नाही. यात फार मोठी समज आहे. सुखाची बेरीज करून स्वातंत्र्याची वजाबाकी भरून निघत नाही, असं ती यादी सांगते.

याच मुंबईत जनावरांना कुंपणात ठेवणारी दुसरी एक संस्था राणीच्या बागेपेक्षाही जुनी आहे. भुलेश्वरचा पांजरापोळ. १८३२ च्या उन्हाळ्यात इंग्रज सरकारनं भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी पांजरापोळ उभा केला. तिथं म्हातारी, लंगडी, दूध आटलेली, मालकानं टाकलेली जनावरं राहतात. पांजरापोळातही दावं आहे, गोठा आहे, मोकळं रान नाही. पण तिथलं जनावर कुणाच्या पाहण्यासाठी ठेवलेलं नाही. ते देखणं असावं लागत नाही, दुर्मिळ असावं लागत नाही, जागं असावं लागत नाही. गाय भिंतीकडे तोंड करून दिवसभर बसली, तर कुणाचे पैसे वाया जात नाहीत.

भुलेश्वर ते भायखळा अंतर फार नाही. तेवढ्यात कुंपणाचा हेतू उलटा होतो.

राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी उघडली, ती झाडांची बाग म्हणून. व्हिक्टोरिया गार्डन्स हे तिचं त्या वेळचं नाव. आजचं अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. जनावरं नंतर आली. १८९० मध्ये पंधरा एकरांची भर पडली ती प्राणिसंग्रहालयासाठी. तो काळच तसा होता. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून गोळा केलेले जीव राजधान्यांत आणि बंदरांत मांडून दाखवायचे, हे प्रगत शहराचं लक्षण मानलं जाई. या पाहण्याला मर्यादा राहिली नाही तर ते कुठवर जातं, याचं उदाहरण १९०६ चं आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाच्या काँगोतल्या तरुणाला माकडांच्या दालनात ठेवून लोकांना दाखवण्यात आलं. तिकडच्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी निषेध केला तेव्हा कुठं ते थांबलं. लोक कुतूहलानं आले होते, मुलाबाळांना घेऊन आले होते, सहलीला आले होते.

कोंडण्याचा दोष सगळ्या जिवांना सारखा लागतो का? इथं धर्मग्रंथ बाजूला ठेवून विज्ञानाकडे जावं लागतं, कारण त्यानं काही गोष्टी मोजल्या आहेत. ऑक्सफर्डच्या रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास छापला. जंगलात ज्या शिकारी प्राण्यांचा वावर जितका दूरवर पसरलेला, तितक्या जास्त येरझाऱ्या ते बंदिवासात घालतात आणि तितकी त्यांची पिल्लं जास्त दगावतात, असं त्यात दिसलं. शिकारीची कमतरता हे त्याचं कारण नव्हतं. फिरण्याला पडलेला आळा हे होतं. एकाच रेषेत, त्याच वळणावर मान वळवत, तासन्‌तास चालणारं अस्वल किंवा वाघ ज्यानं पाहिला आहे, त्याला हा अभ्यास समजावून सांगावा लागत नाही. लहान मुलं ते पाहून ‘नाचतोय’ म्हणतात.

त्याआधी स्वित्झर्लंडच्या हाइनी हेडिगर यांनी दुसरी एक गोष्ट दाखवून दिली होती. त्यांनी स्वतः प्राणिसंग्रहालयं चालवली. प्रत्येक वन्य प्राण्याच्या मनात एक अंतर असतं. शत्रू त्याच्या आत आला की पळायचं. पिंजऱ्याची खोली त्या अंतरापेक्षा कमी असेल, तर प्राणी सतत शत्रूच्या पकडीत असल्यासारखा जगतो. यावरून पुढं दालनं खोल करणं, आडोसे देणं, मागं सरकायला जागा ठेवणं, उंचावर बसायला फळ्या ठोकणं सुरू झालं. चांगलं दालन म्हणजे ज्यात प्राणी स्वतःला लपवू शकतो. आणि ज्यात तो लपू शकतो, त्यात तो पाहुण्यांना नेहमी दिसेलच असं नाही. प्राण्याची सोय आणि तिकिटाची अपेक्षा इथं समोरासमोर येतात. प्राणी दिसत नाही ही तक्रार पुष्कळदा दालन चांगलं बांधल्याची पावती असते.

कायद्याची वाटचालही पाहण्यासारखी आहे. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं आणि प्राणिसंग्रहालयांना मान्यता घेणं बंधनकारक झालं. वन्यजीव कायद्याच्या ३८-जे कलमानं तिथल्या प्राण्यांना चिडवणं, इजा करणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, कचरा टाकणं या सगळ्याला मनाई केली आहे. म्हणजे काचेवरची ती थाप नुसता असभ्यपणा नाही, तो कायद्याचा भंग आहे. सर्कशीतले वाघ, सिंह, अस्वलं आणि माकडं १९९८ च्या अधिसूचनेनं हटली. नोव्हेंबर २००९ मध्ये प्राधिकरणानं प्राणिसंग्रहालयांतले हत्ती जंगलाजवळच्या छावण्यांत हलवावेत असा आदेश काढला, कारण हत्तीला जेवढं चालायला लागतं तेवढं कुठलंच शहर देऊ शकत नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला. आपल्या स्वभावाप्रमाणे वागता येणं हे त्यातलं एक. पुढं १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्यांनी केलेल्या दुरुस्त्या ग्राह्य धरल्या आणि शर्यतींना वाट मोकळी झाली. न्यायालयांचं मन अजून ठरलेलं नाही. समाजाचंही नाही.

मग सहलीचा बेतच रद्द करावा का? असं सांगणारे लोक आहेत आणि त्यांचा युक्तिवाद ताकदीचा आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ डेल जेमिसन यांनी १९८५ मध्येच प्राणिसंग्रहालयांची चार समर्थनं घेतली, करमणूक, शिक्षण, संशोधन आणि जतन, आणि चारही अपुरी ठरवली. पण परळच्या चाळीतल्या किंवा मानखुर्दच्या झोपडीतल्या मुलाच्या बाजूनं हा प्रश्न पुन्हा विचारायला हवा. ताडोब्याच्या सफारीला हजारो रुपये लागतात, त्यावर प्रवास आणि मुक्काम वेगळा. जंगलात वाघ पाहणं हा ज्यांना परवडतो त्यांचा आनंद आहे. ज्या घराला गॅलरी नाही त्या घरातल्या पोराला मोर, हरीण, सुसर आणि शंभर-दीडशे वर्षांची झाडं एकाच फेरीत भेटतात ती भायखळ्यालाच. त्याला ‘जाऊ नकोस, ते अनैतिक आहे’ असं सांगण्याचा अधिकार ज्याच्या फोनमध्ये कान्ह्याचे फोटो आहेत त्याला नाही.

शिवाय आत असलेल्या जनावरांचं काय, हाही प्रश्न आहे. शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी २०२० च्या फेब्रुवारीत आली ती औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून. त्यांच्या मादी बछड्याचा, वीराचा, जन्म १४ नोव्हेंबर २०२१ ला याच बागेत झाला. अशा जनावरांना शिकार शिकवणारी आई जंगलात भेटलेली नाही. दार उघडलं तरी जाणार कुठं? त्यांना सांभाळणं हे आता शहराचं कर्तव्य आहे, पांजरापोळातल्या लंगड्या बैलाला सांभाळणं असतं तसं. प्रश्न पुढच्यांचा आहे. सेऊलहून २०१६ च्या जुलैमध्ये आठ हंबोल्ट पेंग्विन आले. पेरू आणि चिलीच्या थंड किनाऱ्यावरचे हे पक्षी मुंबईत वातानुकूलित खोलीबाहेर एक दिवस काढू शकत नाहीत. तीन महिन्यांत त्यातली एक मादी दगावली. दालन २०१७ च्या मार्चमध्ये लोकांसाठी खुलं झालं, त्यांची पुढची पिढीही तिथं जन्मली, आणि काळजी घेणाऱ्या माणसांच्या कष्टांबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. तरी ते आणायला नको होते. मुंबईच्या मुलानं पेंग्विन पाहिला नाही तर त्याचं काही अडत नाही, आणि पेंग्विनचं मुंबईवाचून तर काहीच अडलेलं नव्हतं.

जतनासाठी कोंडावं लागतं, हा चारांतला सर्वांत भक्कम मुद्दा. भारतात तो गिधाडांनी खरा करून दाखवला आहे. गुराढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे दोन दशकांच्या आत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारातलं एखादंच उरलं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं हरियाणा सरकारबरोबर पिंजोर इथं त्यांचं प्रजनन केंद्र चालवलं. केंद्राचं नाव जटायूवरून ठेवलं आहे. रामानं जटायूला मांडीवर घेतलं आणि मुलानं बापाचे करावेत तसे त्याचे अंत्यसंस्कार केले, ही कथा ज्या देशात हजारो वर्षं सांगितली गेली, त्या देशात हे नाव शोभतं. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला लोक आजही त्या प्रसंगाच्या श्रद्धेनं जातात. पण पिंजोरच्या केंद्रात सहली जात नाहीत. ते सर्वसामान्यांसाठी खुलं नाही, पक्ष्यांवर कॅमेऱ्यांतून लक्ष ठेवलं जातं, माणसांचा वावर जमेल तितका कमी. गिधाड वाचवायला त्याला कोंडावं लागलं. त्याला दाखवावं लागलं नाही. जतन आणि प्रदर्शन या दोन गोष्टी एकाच तिकिटावर छापायची सवय लागली आहे, एवढंच.

न दिसणाऱ्या जनावराशीही माणसाचं नातं असतं, आणि ते शोधायला मुंबईबाहेरसुद्धा जावं लागत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मोकळे बिबटे आहेत आणि त्यांच्या शेजारी वारली पाडे आहेत. तिथं वाघोबा आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची १५० ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्रसूर्य, शेंदूर. वाघबारशीला त्याची पूजा होते. वाघोबानं समोर यावं असं मागणं त्या पूजेत नसतं. गुरं सांभाळ, पोरं सांभाळ, तुझ्या वाटेनं तू जा, आमच्या वाटेनं आम्ही, असा तो करार आहे. ज्याच्यापुढे हात जोडायचे त्यानं दिसू नये, हीच प्रार्थना. वाघाच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांनी आदराचं जे रूप घडवलं ते हे आहे. शहरातल्या माणसानं ते त्यांच्याकडून शिकायला हवं.

आता बेताकडे. सहल कशी आखावी हा क्षुल्लक, घरगुती प्रश्न वाटतो; इथल्या परंपरेनं तो क्षुल्लक मानलेला नाही. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा विषयच सहलीचा बेत आहे. आधीचे राजे विहारयात्रेला निघत, तिथं शिकार आणि तसलीच करमणूक असे. अशोकानं राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधिवृक्षाला भेट दिली आणि त्या जागी धम्मयात्रा सुरू केल्या, असं त्यात नोंदवलं आहे. या लेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सापडला तो सोपाऱ्याला, आजच्या नालासोपाऱ्यात, जिथून रोज लाखो माणसं लोकलनं मुंबईत येतात. राजानं प्रवास थांबवला नाही, प्रवासात काय करायचं ते बदललं. एकनाथांची गोष्टही प्रवासाचीच. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. यात्रेचा सगळा बेत एका जनावराच्या गरजेपुढे मोडला आणि यात्रा तिथंच पुरी झाली असं त्यांनी मानलं.

भायखळ्याला निघालेल्या कुटुंबाला एवढा मोठा त्याग करायचा नाही. घड्याळ थोडं हलवायचं आहे. बाग सकाळी उघडते त्याच वेळेला पोचावं. ऊन चढलेलं नसतं, गर्दी नसते, जनावरं हालचाल करत असतात. रविवार आणि जोडसुट्ट्या टाळता आल्या तर टाळाव्यात. सगळे पिंजरे बघून संपवण्याचा हट्ट सोडून तीनच जनावरं निवडावीत आणि एकेकापाशी अर्धा तास बसावं. पहिली दहा मिनिटं मुलं कंटाळतील, मग त्यांना शेपटीचं टोक दिसायला लागेल, कान कुठल्या आवाजाला वळतो ते कळायला लागेल. घरची जुनी दुर्बीण असेल तर बरोबर घ्यावी. लांबून पाहायची सवय त्यानं लागते. चुरमुरे आणि केळी स्वतःसाठी न्यावीत, माकडांसाठी नाही.

निघण्याआधी मुलांशी बोलायला हवं, आणि हे बोलणं आजीकडे सोपवलं तर उत्तम. ज्या आजीनं पंढरपूरला बारीत सहा-सहा तास उभं राहून डोकं टेकवलं आहे, तिला थांबण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ती सांगू शकते की वाघ त्याच्या घरी आहे, त्याची झोपायची वेळ असेल, तो उठला तर भेट होईल, नाही उठला तर त्याची झाडी, त्याचं पाणी, त्याची वाट बघून परत यायचं. येरझाऱ्या घालणारं जनावर दिसलं तर ‘नाचतोय’ म्हणू द्यायचं नाही. ते तसं का चालतं हे सहा वर्षांच्या मुलाला सांगता येतं आणि त्याला ते समजतंही. ‘मग त्याला सोडत का नाहीत?’ हा प्रश्न तेव्हा येणार. तो टाळायचा नाही. मोठ्यांनाही पुरतं उत्तर सापडलेलं नाही, हे त्याच्यासमोर कबूल करायला हरकत नाही.

ऊन तापलं की जनावरांना सोडून झाडांकडे जावं. बागेत गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, फुलांचे झुंबर लटकवणारी उर्वशी आहे. ही बाग मुळात त्यांची, आणि त्यांच्याकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी चालतं. शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ चं. त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला नाव दिलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो फुटला, तुकडे इथं आणले आणि १९१४ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला. मुलांना त्याच्याभोवती हव्या तेवढ्या फेऱ्या मारू द्याव्यात.

आणि एक मागणी, मुंबईकरांनी महापालिकेकडे करावी अशी. प्रत्येक प्राणिसंग्रहालय आठवड्यातून एक दिवस पाहुण्यांना बंद असलं पाहिजे, असा केंद्राचा नियम आहे. राणीच्या बागेत तो दिवस बुधवारचा. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. म्हणजे विश्रांतीचा दिवस पुढं ढकलला जातो, पण बुडवला जात नाही. ही चांगली रीत आहे. ती आणखी एक पाऊल पुढं न्यावी. ३२ हजारांच्या गर्दीचा दिवस होऊन गेला की त्याच्या लगेच दुसऱ्या दिवशी, वार कुठलाही असो, बाग बंद ठेवावी. पंढरपूरनं देवासाठी ही सोय कधीच केली आहे. नाताळ, नवं वर्ष, मे महिन्यातले रविवार, असे दिवस वर्षात फार नसतात. महसूल थोडा बुडेल. बेत आखणाऱ्या कुटुंबांनी ती तारीख वहीत खोडून दुसरी घालावी आणि मुलांना कारण सांगावं.